चाळीस किलो जास्त

"पाय लांब कर," बायको म्हणाली.

"केलेत."

"मग हे दाराबाहेर काय लोंबतंय?"

लोंबत होते ते त्याचेच पाय, मोज्यांसकट. सकाळपासूनची ही तिसरी व्हॅन. पहिली ओढायला दणकट होती, पण तिच्यात झोपायचं तर गुडघे पोटाशी घ्यावे लागत. दुसरीत ऐसपैस जागा होती, पण जुन्या गाड्यांच्या यार्डाचा मालक स्वतःच म्हणाला, "साहेब, हिला हिचंच ओझं झेपत नाही, तुमची गाडी कुठून ओढणार?" धंद्यात इतकं खरं बोलणारा माणूस बघून दोघांनी तिथेच खरेदी करायचं ठरवलं होतं.

ओढायची होती ती त्याची शर्यतीची गाडी. महिन्यातून एकदा ती ट्रेलरवर चढवायची, ट्रॅकवर न्यायची, दोन दिवस पळवायची आणि परत आणायची. तो पळवायचा. बायको कठड्यापाशी घड्याळ धरून उभी राहायची आणि दर फेरीला पाटीवर आकडा लिहून त्याला दाखवायची. रात्री दोघं ट्रॅकशेजारी तंबूत झोपायची. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. मागच्या वेळी सकाळी ती तंबूतून बाहेर आली ती वाकूनच, आणि दोन दिवस वाकलेलीच राहिली. घरी आल्यावर तिने जाहीर केलं, "यापुढे पाठीखाली पलंग नसेल तर मी येत नाही. तुझा तू पळ आणि तुझा तूच आकडा दाखव." तो हसला. ती हसली नाही. मग त्याचंही हसू मावळलं. ती कठड्यापाशी नसेल तर तो पळणार कोणाला दाखवायला?

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. चार माणसं, दोनशे बहात्तर किलो, हे त्याच्या रक्तातच भिनलेलं. नातेवाइकांचा फोटो बघतानाही तो आधी मनातल्या मनात सगळ्यांची बेरीज करायचा. शर्यतीच्या गाडीतून त्याने शेजारची सीट काढली होती, गालिचा काढला होता, दारं आतून पोकळ केली होती. काच खालीवर करायचा दांडासुद्धा एकच ठेवला होता. दोन्ही दारांना आळीपाळीने लावायचा.

चौथी व्हॅन पांढरी होती. मागे ट्रेलर अडकवायचा हूक, आत समोरासमोर दोन पलंग. बायको एकावर आडवी झाली. तो दुसऱ्यावर झोपला आणि त्याचे पाय आत मावले.

"हीच," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आता मला उठवू नका. इथूनच थेट घरी न्या."

यार्डाचा मालक खूश झाला. त्याने कागदपत्रं पुढे केली. किती ओझं चालेल ते त्यात छापलेलं होतं. नवरा पलंगावरून उठला, खिशातला कागद काढला आणि पेन्सिल चालवू लागला. व्हॅन, ट्रेलर, गाडी, दोन माणसं, हत्यारं, जॅक, जादा चाकं. बेरीज चाळीस किलो जास्त भरली. पुन्हा केली. पुन्हा चाळीस.

मग तो खाली वाकला आणि पलंगांचे पाय तपासू लागला. एकाखाली पाण्याची टाकी होती, तो हलणारा नव्हता. दुसऱ्याखाली काहीच नव्हतं.

"हा काढता येईल," तो मालकाला म्हणाला. "चार बोल्टचं तर काम आहे. बेचाळीस किलो सरळ सुटतात."

बोलून झालं तरी त्या पलंगावर कोण झोपलंय हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मालकाच्या आलं. बिचारा आभाळाकडे बघू लागला.

बायको उठून बसली. पायांनी चपला शोधल्या.

"बोल्ट कशाला काढतोस? मीच उतरते. बासष्ट किलो."

"अगं, तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"तसंच होतं. आधी सीट काढलीस, मग गालिचा काढलास. आज ना उद्या माझी पाळी येणारच होती."

ती चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती नुसती दमल्यासारखी बोलली, खाली उतरली आणि समोरच्या जुन्या टायरांच्या ढिगावर जाऊन बसली, पाठ त्याच्याकडे करून. 'गाढवा,' तो स्वतःलाच म्हणाला.

त्याने कागद पुन्हा वर घेतला. हत्यारं? त्याशिवाय कसं चालेल? जॅक? तोही हवाच. बोट खाली सरकत सरकत शेवटच्या ओळीवर आलं. पावसाळी चाकं, चार, साठ किलो.

ट्रॅक ओला झाला की ही खोल खाचांची चाकं लावायची. साध्या चाकांवर गाडी घसरते, कोणी तिला बाहेरच काढत नाही. अकरा वर्षांत तो तीनदा पहिला आला होता आणि तिन्ही वेळा पावसात. कोरड्यात आठवा, नववा. ट्रॅकवर त्याला सगळे बेडूक म्हणायचे आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

पेन्सिल थोडा वेळ तिथेच थांबली. मग त्याने ती ओळ आडवी खोडली. चांगली दोनदा खोडली.

"दोन्ही पलंग राहू द्या," तो म्हणाला. "ही घेतो मी."

मालकाने कागदात डोकावून पाहिलं. "साहेब, ही तर पावसाची चाकं! आणि ऐन शर्यतीत पाऊस आला म्हणजे?"

टायरांच्या ढिगावरची पाठ जराशी वळली. तिथवर पोचेल अशा आवाजात तो म्हणाला,

"आला तर आला. दार लावून घेऊ आणि दोघं मस्त झोपून राहू."