पापणीची गाडी

हेरंबच्या नव्या गाडीच्या काचेला पापणी होती. पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडी उडाली, की पापणी मिटायची आणि लगेच उघडायची. दोन महिन्यांत काचेचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

आज त्याला स्वतःच्याच साखरपुड्याला कराडला पोचायचं होतं. निघताना आत्याने गाडीला ओवाळलं आणि मूठभर अक्षता काचेवर टाकल्या. पापणी खटकन मिटली ती मिटलीच.

"बघ, कसे डोळे मिटले," आत्या गहिवरून म्हणाली. "तुझ्यापेक्षा हिला वळण आहे."

हेरंबने माहितीपुस्तक चाळलं. हाताने दगड मारणारा माणूस समोरून हटल्याशिवाय पापणी उघडणार नव्हती.

"आत्या, जरा बाजूला होतेस?"

"का रे?"

साठ वर्षांच्या आत्याला गाडी दगड मारणारी समजते, हे सांगायची त्याची छाती झाली नाही. "उशीर होतोय," तो पुटपुटला. "मुलीकडचे खोळंबलेत."

"खोळंबू देत. ध्यानातून कुणाला उठवू नये," असं म्हणून आत्याने पाट मागवला आणि गाडीसमोरच मांडी घालून बसली.