डब्याच्या तळाशी

"नो आउटसाइड फूड, आंटी," गेटवरचे अंकल म्हणाले आणि त्यांनी सुलेखाच्या हातातल्या स्टीलच्या डब्यावर बोट ठेवलं.

कलांगच्या इनडोअर स्टेडियममध्ये बॅडमिंटनची सेमीफायनल होती. दुपारचं ऊन, आणि तपासणीची रांग पार गाड्यांच्या तळापर्यंत गेलेली. त्या रांगेतल्या चौघांना शटलपेक्षा एकमेकांतच जास्त रस होता. अरुणाताई पुण्याहून इथे परदेशात मुलाकडे आल्या होत्या. मुलगा अमेय, शहरातल्या तांजोंग पगार भागात ऑफिस. त्याची "सहज" ओळख व्हावी म्हणून सुलेखाने आपल्या गार्गीला आणलं होतं. घरी बोलावून मुलगी दाखवली आणि नकार आला, तर चार घरांत चर्चा होते. मॅचला गेलं आणि नकार आला, तर मॅच पाहिली म्हणायचं. दोन्ही आयांचा हा हिशेब फोनवर, एकही शब्द उघड न बोलता, जुळला होता.

"ओन्ली चकली, अंकल," सुलेखा गोड हसली. "होममेड."

"होममेड ऑल्सो फूड. थ्रो अवे, ऑर ईट हिअर, देन गो इन."

अंकलच्या पाठीमागे भला मोठा फलक होता. खाद्यपदार्थ नकोत, बाटल्या नकोत, धारदार वस्तू नकोत, औषधं चालतील. सुलेखाने तो वाचला नव्हता. फलक इतरांसाठी असतात.

"अहो, द्या ना टाकून," अरुणाताई म्हणाल्या. "चकल्याच तर आहेत. आत काहीतरी मिळेल पोरांना."

"नाही हो, इतकं खपून केल्यात." सुलेखाने डबा छातीशी धरला.

चकल्यांसाठी कुणी इतकं अडून बसत नाही, एवढं अंकलना चकली न खाताही कळत होतं. त्यांनी अदबीने दोन्ही हात पुढे केले, डबा घेतला आणि ट्रेमध्ये उपडा केला. चकल्यांचा ढीग पडला. ढिगावर तळाचं फॉइलचं पुडकं येऊन बसलं.

"धिस वन?"

"पिकल," सुलेखा म्हणाली.

अंकलनी फॉइल सोडलं. आत एक निळं, जाडसर पेन आणि टोपणं लावलेल्या बारीक सुया.

"पिकल गॉट नीडल, आह?"

मागचे दोघे-तिघे पाऊलभर मागे सरकले. अंकलचा हात कमरेच्या वॉकीटॉकीकडे गेला.

"माझं आहे!" सुलेखा ओरडली. "माय शुगर! इन्सुलिन! मला आहे शुगर!"

अंकलचा चेहरा लगेच निवळला. "आयो, आंटी! मेडिसिन कॅन वॉट. पुट इन हँडबॅग, नो प्रॉब्लेम. व्हाय हाइड?"

का लपवलं, ते साऱ्या रांगेत एकाच बाईला कळू द्यायचं नव्हतं आणि ती बाई शेजारीच उभी होती. मुलीच्या पर्सवर सुलेखाचा भरवसा नव्हता. पर्स कोणीही उघडतं. चकलीच्या डब्यात तळापर्यंत हात घालायची आपल्या लोकांत पद्धत नाही.

"अगंबाई, तुम्हाला शुगर? कधी बोलला नाहीत!" अरुणाताई म्हणाल्या. मग वांगं देठापासून फिरवून पाहावं तसं त्यांनी गार्गीकडे पाहिलं. "आईकडून मुलीकडे येतं म्हणतात. हिला काही नाही ना?"

"छे हो! ठणठणीत आहे."

सगळ्यांचंच भागलं होतं. आईने दुखणं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, अंकलची ड्यूटी झाली होती, अरुणाताईंची शंका फिटली होती. गार्गीने फक्त गप्प बसायचं होतं. आठव्या वर्षापासून ती बसतच आली होती: शाळेच्या, ऑफिसच्या, मावशीच्या बाथरूममध्ये, आतून कडी लावून.

तिने ट्रेमधलं पेन उचललं.

"अंकल, चकली ईट हिअर, कॅन?"

"कॅन, कॅन."

"देन मस्ट इंजेक्ट फर्स्ट. माइन लाह. नॉट हर्स."

"गार्गे!" सुलेखाने तिचं मनगट धरलं. आवाज खाली आणला, पण तो अरुणाताईंपर्यंत गेलाच. "निदान इथे नको. टॉयलेट आहे ना तिकडे."

"खाण्याआधी घ्यायचं औषध आहे, आई. टॉयलेटमध्ये कोण खातं?"

अमेय पुढे होऊन काही बोलणार होता. अरुणाताईंनी त्याचा दंड धरला. दोन आया, दोन मुलं, दोन्हीकडे हात घट्ट. गार्गीने तेवढा आपला सोडवून घेतला, सुई पेनावर फिरवून बसवली आणि कुडत्याची कड वर धरली.

अंकल भला माणूस. त्यांनी चटकन पाठ फिरवली, दोन्ही हात पसरले आणि तिच्या आणि रांगेच्या मध्ये आडोसा होऊन उभे राहिले.

गार्गी थांबली.

"थँक यू, अंकल," ती म्हणाली आणि तिने हनुवटीने अरुणाताईंकडे खूण केली. "बट मूव्ह असाइड अ बिट, कॅन? दॅट आंटी कान्ट सी."