गोड बातमी

साध्या कपड्यांतल्या पोलिसाने चहा संपवून कप खाली ठेवला. खाणीविरुद्धची रविवारची सभा निवृत्त प्राध्यापिका रेवती खानझोडे यांच्या घरी होती, तिचीच चौकशी करायला तो आला होता.

"घरात सभा घेणं गुन्हा आहे का?" रेवतीबाईंनी विचारलं.

"छे, मॅडम. तुमचा हक्कच आहे तो," तो उठत म्हणाला. "पण आता आजी होणार तुम्ही. ऋजुताताईंना जपायला सांगा. पहिले तीन महिने फार नाजूक असतात."

रेवतीबाई जागच्या जागी थिजल्या. लेकीने ही बातमी सकाळीच पुण्याहून फोनवर दिली होती. गावाला गेलेल्या नवऱ्यालाही त्यांनी ती अजून सांगितली नव्हती.

तो गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, बाबांना सांगितलंस? काय म्हणाले?" ऋजुताच्या आवाजात हसू मावत नव्हतं.

किती बोलायचं होतं रेवतीबाईंना. पण हे बोलणंही कोणीतरी ऐकत असणार.

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?" त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "ठेव आता. फोनवर नको बोलूस काही."



"आई," ऋजुताने हळूच विचारलं, "तुला आनंद नाही झाला?"