एक्केचाळीस नंबरचा सायलेन्सर

लमीनने पेचकस नुसता टेकवला आणि तो सायलेन्सरच्या आरपार गेला. भिजल्या पावात बोट जावं तसा.

"बघ," वर उभ्या असलेल्या पिकअपच्या मालकाचा, सी मन्सूरांचा आवाज आला. "आठ महिने झाले बसवून. उस्ता, तुझा हात म्हातारा झाला की पत्रा?"

"हात झाला," लमीन पिकअपखालून म्हणाला. "पत्रा तर तरणाताठा होता."

सारं गाव ज्यांच्या नावाआधी आदराने 'सी' लावी, ते मन्सूर हसले आणि बाकावर बसले. शेजारच्या टपरीवरून पुदिन्याचा चहा आला. तो बाक लमीनच्या मुलाने, नाजीने बनवला होता. चार वर्षांपूर्वी, त्या आठवड्यात गाड्यांखालून उतरलेल्या जुन्या सायलेन्सरांचे पाय करून त्यांवर फळी जोडली होती. त्याच आठवड्याच्या शेवटी एकोणीस वर्षांचा नाजी जर्जिसच्या किनाऱ्यावरून समुद्रापलीकडच्या देशात चोरून माणसं नेणाऱ्या होडीत बसला. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही, प्रेतही नाही. गिऱ्हाइकं बाकावर बसत. लमीन कधी बसला नव्हता.

त्याने बोल्ट सोडवून सायलेन्सर खाली घेतला. शेपटाकडे त्यानेच ठोकलेला आकडा होता, एक्केचाळीस. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक आकडा ठरलेला. उगाच 'हा माल माझा नव्हे' म्हणून भांडण नको.

पत्रा चांगला होता. अल्युमिनियमचा मुलामा दिलेला, सफाक्सहून त्याने स्वतः निवडून आणलेला. मागच्या खेपेला सरहद्दीच्या बाजारातला पातळ पत्रा लवकर सडला, तेव्हा लमीनने दोष मुकाट्याने स्वतःकडे घेतला होता. या खेपेला तसं करता येईना. गाडी नुसती घर ते मशीद फिरली, तर धुरातलं पाणी आत साचून सायलेन्सर आतून सडतो. हा आतून धड होता. तो खाल्ला गेला होता बाहेरून, मागच्या टोकाकडून पुढे. सायलेन्सर धरणाऱ्या पट्टीच्या खाचेत पांढरी वाळू होती आणि समुद्रगवताची एक वाळलेली पात.

"सी मन्सूर, गाडी जाते कुठे हल्ली?"

"कुठे जाणार? बागेत, तिथून घाण्यावर. ऑलिव्ह उतरवायचे दिवस आहेत."

बाग होती किनाऱ्यापासून वीस किलोमीटर आत, कोरड्या मातीत.

"आणि चालवतं कोण?"

"इतकी वर्षं मीच. उन्हाळ्यात आमच्या अनीसला परवाना मिळाला, तेव्हापासून किल्ली त्याच्याच खिशात. मी आपला मागून विचारतो, बाबा रे, आज गाडी मिळेल का?"

लमीन हसला नाही. तो गाडीखालीच पडून राहिला. मन्सूरांचा मुलगा अनीस अठरा वर्षांचा. नाजीसारखाच बोलताना नजर चुकवणारा.

सांगावं तर पोराची अब्रू जाते. न सांगावं तर आणखी एक आई रोज एक ताट झाकून ठेवेल. आणि हे काही परकं माणूस नव्हतं. दर्ग्यात गुरुवारी सी मन्सूर अर्धं निरूपण, अर्धं गाणं असं सुरू करत, तेव्हा लमीनचा दिवसभराचा शिणवटा पायांतून खाली उतरून जाई. नाजी गेला तेव्हा हा माणूस सलग सात संध्याकाळी घरी येऊन बसला होता. दयेची पदं गाताना शेवटच्या संध्याकाळी त्याचा आवाज फुटला होता. लमीनच्या बायकोनेच उठून त्याला पाणी दिलं होतं.

लमीन बाहेर आला. हात पुसायला त्याने बराच वेळ घेतला.

"रागावू नका. ही गाडी समुद्रात जाते."

"म्हणजे?"

"मागे मागे घेत, पार पाण्यात. तापलेला सायलेन्सर खाऱ्या पाण्यात बुडला की कुठलाच मुलामा टिकत नाही. असं गाडीने चोरट्या होड्या पाण्यात उतरवणारेच करतात." त्याचा आवाज खाली आला. "मी चार वर्षांपूर्वी डोळे उघडे ठेवले नाहीत. तुम्ही ठेवा. पोराला जवळ बसवा. ओरडू नका, नुसतं बसवा."

सी मन्सूरांनी पेला बाकावर ठेवला.

"कुणाला बोललास?"

"आत्ताच तर पाहिलं."

"बोलू नकोस. घरातली गोष्ट आहे." ते उठले आणि त्यांनी लमीनच्या कपाळाचं चुंबन घेतलं. डोळे खरोखर भरले होते. "तू माझ्या भावासारखा आहेस, लमीन. तुझं हे मी विसरणार नाही."

लमीनने नवा सायलेन्सर चढवला. निघताना सी मन्सूर म्हणाले, "तो सडका तुकडाही टाक मागे. इथे दहा माणसं येतात, दहा जिभा."

लमीनने तो पिकअपमध्ये ठेवला. गाडी वळणाआड गेली.

ऊन उतरलं होतं. कंबर दुखत होती, रोजच दुखे. पण आज छातीवरचं काहीतरी बोटभर सरकलं होतं. एक पोर वाचेल. वर गेल्यावर नाजी भेटलाच, तर सांगायला एवढं तरी राहील.

आणि मग चार वर्षांत पहिल्यांदा तो नाजीच्या बाकावर बसला. फळी पक्की होती. पोराचा हात चांगला होता. लमीनने हात खाली सोडला, बाकाच्या पायावरून फिरवला. गंज बोटांना चिकटला. तोही बाहेरूनच खाल्लेला. पट्टीच्या खाचेत नख गेलं आणि वाळू सांडली, बारीक, पांढरी.

तिच्या खाली अंगठ्याला आकडा लागला. त्याने वाकून पाहिलं नाही. आपल्या हातचे ठोके त्याला अंधारातही वाचता येत.

चार. एक.

हा सायलेन्सर नाजीने स्वतः उतरवला होता. त्या वर्षी अनीस आठवीत होता. किल्ली सी मन्सूरांच्याच खिशात असे.