मदतीची पाने

वहिनीने राउटरचा प्लग भिंतीतून उपटला आणि त्याची वायर हाताभोवती गुंडाळून घेतली.

संगणकासमोर बसलेल्या दिराने मान वर केली. लसींच्या फ्रिजवर पाळत ठेवणारा एक मुक्त प्रोग्राम तो आणि त्याचे मित्र फावल्या वेळात, विनामोबदला घडवीत असत. कोणीही तो घ्यावा, उघडून पाहावा, हवा तसा बदलावा. त्याची नवी आवृत्ती आज सायंकाळी सर्व आरोग्य केंद्रांसाठी प्रसिद्ध व्हायची होती. बिघाडाच्या खुणांचे अर्थ सांगणारी मदतीची पाने याही खेपेस तिच्यात नव्हती. ती केवळ संकेतस्थळावर होती.

"वहिनी, प्लग लावा. काम अडलंय माझं."

"माझंही अडलं होतं." वहिनी डोंगरावरील केंद्रात परिचारिका होती. "फ्रिज ओरडायला लागला. पडद्यावर 'ई-सात', बाकी काही नाही. मदतीची कळ दाबली, तर म्हणे इंटरनेट जोडा. तिथे फोनला रेंज मिळत नाही, भावजी. फ्रिज तापला, सगळ्या लसी टाकून दिल्या. बाळं घेऊन आलेल्या बायकांना मी माझ्या तोंडाने परत पाठवलं."

दिराचा स्वर किंचित नरमला. "वाईटच झालं. पण पानं आम्ही मुद्दाम बाहेर ठेवलीत. चूक सापडली की तिथल्या तिथे सुधारता येते. प्रोग्रामसोबत बांधून दिली की शिळी होतात."

"शिळं चालेल. उपाशी ठेवू नका."

"मित्र ऐकायचे नाहीत."

"कोणीही बदलावा, असं तुम्हीच लिहून ठेवलंय ना? मी बदलून घ्यायला आलेय."

आतल्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, माझी मालिका का थांबली?"

"थोडा वेळ, आई. तुमच्या धाकट्याची परीक्षा चालू आहे."

वहिनीने स्टूल ओढले आणि ती त्याच्या शेजारी ठाण मांडून बसली. "समजा, तुम्ही माझ्या जागी आहात. फ्रिज ओरडतोय. ई-सात म्हणजे काय?"

तो हसला. "अहो, मीच लिहिलाय तो प्रोग्राम."

परंतु ई-सात त्याला आठवेना. त्याने मदतीची कळ दाबली. इंटरनेट जोडणी तपासावी, अशी सूचना आली. त्याचा हात फोनकडे गेला. फोन वहिनीने केव्हाच आपल्या पिशवीत टाकला होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मुक्त प्रोग्रामचा हाच तर फायदा. आत डोकावता येतं."

"डोकावा."

त्याने प्रोग्रामची मूळ संहिता उघडली, शोध घेतला आणि हवी असलेली ओळ त्यास सापडली. तिच्यालगत एक टीप होती. 'ई-सातचा अर्थ संकेतस्थळावर पाहावा.'

वहिनीने त्याच्या खांद्यावरून वाकून ती वाचली. "खाली नाव तुमचंच दिसतंय."

दिराने खुर्ची पुढे सरकवली.

"प्लग लावा. पानं उतरवून घ्यायला तरी नेट लागेल."

"फक्त तेवढ्यापुरतं."

वहिनीने प्लग लावला आणि त्यावरचा हात काढला नाही. पाने उतरली. ती आता सोबतच देणार, असे त्याने मित्रांना कळवले आणि त्यांचे दोन संदेश आले. एकात प्रश्नचिन्ह होते, दुसऱ्यात प्रोग्राम बसवायची फाइल, म्हणजे इन्स्टॉलर, फुगेल अशी तक्रार. 'फुगू द्या,' असे लिहून दिराने पाने प्रोग्रामसोबत बांधावयास घेतली. बांधणी पूर्ण होताच वहिनीने पुन्हा प्लग उपटला.

"आता दाबा."

त्याने कळ दाबली. पान उघडले.

'ई-सात. फ्रिजचे दार पूर्ण लागलेले नाही. दाबून लावावे.'

दिराने ते वाचले. पुन्हा वाचले.

"एवढंच होतं?"

"एवढंच. दुसऱ्या दिवशी गावात उतरले, फोनला रेंज आली, तेव्हा कळलं."

वहिनीने हाताभोवतीची वायर उलगडली, पिशवीतून त्याचा फोन काढून टेबलावर ठेवला आणि प्लग घेऊन ती भिंतीकडे वळली.

"राहू द्या, वहिनी," दीर म्हणाला. "बसा."

"आता काय राहिलं?"

"बाकीची पानं. नेटशिवाय सगळी उघडतात का, तुमच्यासमोरच पाहतो."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "नेट आलं का रे?"

"अजून नको आहे, आई," असे म्हणून त्याने ई-एकचे पान उघडले.