मानेमागचा आरसा

लेकीने बाबांच्या सलूनमधल्या लॅपटॉपवरची रडतखडत चालणारी जुनी सिस्टीम पार पुसली, नवी टाकली आणि कॅमेरा चालू केला. "बघा, कसा पळतोय!"

पडद्यात बघून बाबा ऐटीत भांग पाडायला गेले, तर कंगवा भलतीकडेच! आरशासमोर जन्म काढलेला माणूस स्वतःच्याच डोक्यावर चुकला.

"अहो बाबा, जुनी सिस्टीम आरशासारखं उलटं दाखवायची. ही लोकांना दिसता तसं दाखवते."

"म्हणजे इतकी वर्षं लोक हे ध्यान बघतायत? " त्यांनी मानेमागे हात फिरवला. "आणि मानेवरचं हे जंगल? सगळ्यांची मान मी साफ करतो, माझी कोण करणार?"

लेक हसत हसत चहा सांगायला बाहेर गेली. सलूनमध्ये खुर्चीत बाबा एकटेच उरले.

पडद्यावर बाबांच्या मानेमागे एक हातआरसा वर आला. काम झालं की गिऱ्हाइकाला मागची बाजू दाखवायला ते धरतात, अगदी तसा. त्यांचा स्वतःचा आरसा तर समोर खिळ्याला टांगलेला होता. पडद्यावरच्या आरशात मानेवरचे केस सुरेख कातरलेले दिसत होते.

गिऱ्हाइकं डोलावतात तशी बाबांनी नकळत मान डोलावली. "झकास!"

मग त्यांच्या मानेवरून मऊ ब्रश फिरला, आणि कापलेले पांढरे केस मांडीवर पडले.