बारावा शब्द

हरिभाऊंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि कागद प्रगतीकडे परत सरकवला.

"इथं माझं एकट्याचं नाव नको," ते म्हणाले.

"सर, उद्या कार्यक्रम आहे. कॉम्प्युटरला काम सांगायची ही भाषा आता शंभर शाळांत जाणार आहे. कोणी बनवली म्हणून लोक विचारणारच."

हरिभाऊंनी हातातलं पेनही टेबलावर ठेवून दिलं. त्यांच्या बायकोने, जानकीकाकूंनी, दोघांपुढे चहा ठेवला आणि तिसरा कप घेऊन त्या बाहेरच्या ओट्यावर गेल्या. तिथे प्रगतीची आई लाडकी बसली होती. मास्तरांच्या घरात शिरायला ती अजून लाजायची. मोखाड्याहून जव्हारला येताना जीपमध्ये ती एकदाच बोलली होती.

"तुझ्या त्या भाषेत किती शब्द झालं आता?"

"चाळीस."

"लय झालं," म्हणून ती बाहेर बघत बसली.  ठाण्याच्या कंपनीत आपण काय करतो, हे आईला समजावायचा नाद प्रगतीने केव्हाच सोडला होता.

ती सातवीत असताना त्यांच्या आश्रमशाळेत कॉम्प्युटर आला होता. कोणीतरी देणगी दिलेला, जुना. गणिताच्या हरिभाऊ सरांनी तो कोपऱ्यातल्या खोलीत ठेवला आणि खोलीला कुलूप लावलं. मशीन नाजूक आहे, म्हणाले, आत कोणी जायचं नाही. पण बाहेरून तिला काम सांगता येईल. फक्त तिच्या भाषेत सांगायचं.

ती भाषा सरांनी मुलांसमोर फळ्यावर बनवली. घे, ठेव, मिळव, काढ, सांग, आणि मागचं काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर परत. मग त्यांनी 'अन्यथा' लिहिलं आणि वर्गात कोणाला काही कळेना.

"आमी 'नाय तं' म्हणतो, सर," प्रगती मागच्या रांगेतून म्हणाली.

सरांनी 'अन्यथा' पुसलं आणि 'नायतं' लिहिलं. तास संपल्यावर प्रगती धावत शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. आई तिथे भाकऱ्या थापायची. "माझा शब्द मशीनमध्ये गेला," तिने सांगितलं. आईने पिठाच्या हाताने तिचा गाल दाबला आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

असे अकरा शब्द झाले. मुलं त्या शब्दांत चिठ्ठ्या लिहायची आणि खिडकीच्या फटीतून आत टाकायची. पडद्यावर आलेलं उत्तर आपण उतरवून घेतो, असं सर सांगायचे. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी सगळी पोरं खिडकीशी. बरोबर असेल तर खाली आकडा असे. चुकलं असेल तर चुकलेल्या शब्दाभोवती गोल. बाजाराच्या दिवशी मशीन बंद असायची.

एकदा प्रगतीने लिहिलं: एक घे. एक मिळव. सांग. परत.

दुसऱ्या दिवशी उत्तर नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मशीन बिघडली असं पोरं म्हणू लागली. नवव्या दिवशी सरांनी तिला पानांचा गठ्ठा दिला. दोन, तीन, चार, पाच, असे दोन्ही बाजूंनी भरलेले आकडे, थेट तीन हजार दोनशे अठरापर्यंत. आणि अगदी शेवटी, मोठ्या अक्षरात, भाषेत नसलेला एक शब्द: 'थांब'.

"हा शब्द मशीननेच मागितलाय," सर वर्गाला म्हणाले आणि त्यांनी तो फळ्यावर बारावा म्हणून लिहिला.

ती पानं प्रगतीने आजवर जपून ठेवली होती. कॉलेजात असताना एकदा ती पुन्हा चाळताना तिच्या लक्षात आलं की शेवटच्या पानांवरचे आकडे वाकडे होत गेले होते. पडद्यावरून आठवडाभर आकडे कोण उतरवतं? आणि मशीनला चुकून दोनदा दोन हजार चाळीस कसं येईल?

"सर, एक विचारू?" ती आता म्हणाली. "तो कॉम्प्युटर कधी चाललाच नाही ना?"

हरिभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "पहिल्याच दिवशी जळला. तुमची तोंडं बघून सांगवेना."

"म्हणजे दोन वर्षं साठ पोरांच्या चिठ्ठ्या तुम्ही हातानं सोडवल्यात. म्हणून तर तुमचं नाव हवंय मला. कंपनीत कधी काही अडलं की मला ती खिडकीच आठवते, सर."

"चार वर्ग होते माझ्याकडे, शिवाय वसतिगृहाचं काम," हरिभाऊ सावकाश म्हणाले. "मला कुठला एवढा वेळ? अकरा शब्द मी ठरवले, ते खरं. ते आणि आकडे, एवढंच काय ते तिला शिकवलं. सहा महिन्यांत ती माझ्या चुका काढायला लागली. बारावा शब्द तर तिनं माझ्याकडूनच लिहायला शिकून घेतला. म्हणाली, याच्याशिवाय भागायचं नाही."

"कोण, सर?"

हरिभाऊ उठले. टेबलावरचा कागद आणि पेन घेऊन ते दारापर्यंत गेले.

"लाडकीबाई, आत या," ते म्हणाले. "तुमची पोरगी मशीन शोधत आलीय."